सहा मीटर कड

हार्मेन वोल्बर्सबरोबर फिरायला जाणं ही शिक्षा आहे, असं त्याची बायको हिली चारचौघांत सांगते. माणसं फिरायला गेली की झाडं बघतात, पाण्यातली बदकं बघतात, निदान दुसऱ्यांच्या खिडक्यांतून आत डोकावतात. ह्याची मान कायम खाली. कुठे वीट खचली, कुठे सांधा उघडा पडला, कुठल्या गाढवानं वळणावर अर्ध्या विटा खपवल्या, हेच चालू. "लग्नाच्या दिवशी सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि हा चर्चच्या पायरीकडे," असं ती म्हणाली की सगळे हसतात, हार्मेनही हसतो. पायरी खरंच वाकडी होती, एवढं मात्र तो पुटपुटतो.

सोळाव्या वर्षी तो बापाच्या हाताखाली रस्त्यावर गुडघे टेकून बसला आणि पासष्टीपर्यंत काही उठला नाही. आमच्या ह्या आयसेल नदीकाठच्या शहरात विटांचे रस्ते अजून हातानं बसवतात. वाळू, दोरी, रबरी हातोडा आणि गुडघे, एवढंच भांडवल. त्याचा बाप म्हणायचा, वाईट सुताराला दाराआड लपता येतं, आपल्याला लपायला जागा नाही. आपल्या कामावरून सगळं गाव चालतं. हार्मेनला हे वाक्य पाठ होतं आणि आयुष्यातली बरीच वर्षं ते ऐकायला नको वाटायचं.

ओस्टिंग नावाच्या ठेकेदाराकडे तो मुकादम होता आणि त्याच्या कामाचा शहरात दबदबा होता. नगरपालिकेचा तपासनीस त्याच्या रस्त्यावर आला की मोजपट्टी खिशातच ठेवायचा. कडेचे दगड तर हार्मेन दोनदा मोजून घेई, एकदा गाडीवरून उतरवताना आणि एकदा बसवण्याआधी. वाढदिवसाला गालाचे तीन मुके घ्यायची इथली रीत. वोल्बर्स तेही मोजून घेतो, अशी त्याच्या माणसांत थट्टा चाले. त्याच्या नोकरीला तीस वर्षं झाली तेव्हा म्हाताऱ्या ओस्टिंगनं सगळ्यांसमोर भाषण ठोकलं, "ह्या माणसाची एक कड चुकलेली दाखवा आणि माझी गाडी घेऊन जा!" टाळ्या पडल्या. हार्मेननं हातातली केकची बशी तशीच खाली ठेवली. कारण ओस्टिंगची गाडी कुठली कड दाखवून न्यायची, हे त्याला चांगलं माहीत होतं. मोलेनडाइकच्या रस्त्यावर, पुलाच्या अलीकडच्या वळणावर, सहा मीटर.

ती गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या जुलैमधली. उन्हाळ्यात इथे देशभरची बांधकामं तीन आठवडे एकदम बंद पडतात. त्याला बाउफाक म्हणतात. ठरलेल्या शुक्रवारी हातोडे खाली पडतात, कारखान्यांना टाळी लागतात, आणि दिवस मावळायच्या आत निम्मा देश मोटारीमागे कॅरॅव्हॅन जोडून फ्रान्सच्या वाटेला लागतो. त्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता हार्मेनच्या लक्षात आलं, की मोलेनडाइकवरच्या नव्या सायकलवाटेला मीटरभर लांबीचे सहा दगड कमी पडताहेत. बुधवारी मोजले ते त्यानंच आणि चुकला तोही तोच.

सायकलवाटेची कड तिरकी असावी लागते. चाक चुकून कडेला गेलं तरी तिरक्या कडेवरून ते वर चढतं, पायडल अडकत नाही. फुटपाथची कड मात्र सरळ उभी असते. तिला पायडल लागलं की माणूस फेकला जातो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, हार्मेनला तर हातानं कळत होतं. पण तिरके दगड करणारा कारखाना बाराला बंद झालेला, आणि बाजूला उभ्या कडेच्या दगडांची थप्पी उरलेली.

वाट तीन आठवडे बॅरिकेड लावून बंद ठेवता आली असती. पण मग ओस्टिंगला सांगावं लागलं असतं, की मी मोजण्यात चुकलो. तपासनीस अडीचला सही करायला येणार होता. घरासमोर हिली कॅरॅव्हॅनमध्ये बटाट्यांची पोती भरत होती, जणू फ्रान्समध्ये बटाटे पिकतच नाहीत. हार्मेननं थप्पीतले सहा उभे दगड घेतले आणि वळणावर बसवून टाकले. तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे, आल्या आल्या बदलू. तपासनीस आला, त्याचीही कॅरॅव्हॅन कुठेतरी उभी असणार. त्यानं सायकलवरून न उतरताच कागदावर सही केली. "छान सुट्टी घालव रे!" "तूही!" झालं.

फ्रान्समध्ये हार्मेन नदीत पोहला, शेजारच्या तंबूतल्या बेल्जियन माणसाबरोबर लोखंडी गोळे फेकायचा खेळ खेळला, उन्हानं लालबुंद झाला. तीन आठवड्यांत ती कड त्याला एकदाही आठवली नाही. पुढे सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

सोमवारी कामावर आला तेव्हा सहा तिरके दगड आठवणीनं गाडीत चढवले. कॉफीच्या पत्र्याच्या खोलीत कोणीतरी म्हणालं, "मोलेनडाइकवर टपालवाली पडली, कळलं का? आनेके फेल्डहाउस. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं."

"कशानं?" हार्मेननं विचारलं.

"पोरगी बरोबर होती, आठ वर्षांची. आई बघ, हात सोडून चालवते, म्हणून ओरडली. आई वळून बघायला गेली आणि गेली कडेला. पोरीनंच रडत रडत सांगितलं म्हणे सगळं. माझ्यामुळे पडली, माझ्यामुळे पडली, एकच धोशा. बिचारी."

हार्मेन कॉफी तशीच टाकून मोलेनडाइकला गेला. तिसऱ्या दगडाच्या उभ्या अंगावर पायडलचा ओरखडा होता, पांढरा, दोन बोटं लांब. तो बघत उभा राहिला. तिरके दगड मागे गाडीतच होते, अर्ध्या तासाचं काम. पण आज दगड बदलले तर सगळा रस्ता विचारणार, की आजच का? आज बदलणं म्हणजे कबुली, उद्या बदलणं म्हणजेही कबुली. झाकली मूठ सव्वा लाखाची. सहाच्या सहा दगड घेऊन तो परत आला.

पण खाई त्याला खवखवे. रोज कामावर जाताना तो वाकडी वाट करून त्या वळणावरून जायचा. पाऊस पडला की त्याला वाटायचं, ओल्या वाटेवर आज कोणीतरी पडणार. शेवटी सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सातला तो ग्राइंडर घेऊन गेला. चार नारिंगी शंकू मांडले, अंगात नारिंगी जाकीट. नारिंगी जाकीटवाल्याला ह्या देशात कोणी काही विचारत नाही. त्यानं सहाही दगडांचा उभा कोपरा तिरका कापला, घासून गुळगुळीत केला. कापलेलं अंग नवंकोरं चमकत होतं, त्यावर कालव्याकाठची ओली माती चोळली. दोन बायका सायकलवरून गेल्या, एक म्हणाली, "बरं झालं, नीट करताय ते!" त्या दिवसानंतर तिथे कोणी पडलं नाही. ह्या सगळ्या प्रकरणात आपण एक तरी गोष्ट चांगली केली, असं हार्मेन स्वतःला सांगायचा आणि तेवढ्यावर झोपायचा.

आनेके पुन्हा सायकलवर बसली नाही. ह्या देशात सायकल सुटली म्हणजे काय, ते इथल्यांनाच कळतं. भाजीपासून नाटकापर्यंत सगळं आयुष्य त्या दोन चाकांवर, आणि तिची तर रोजीरोटीही. टपालखात्यानं तिला पत्रं निवडायच्या टेबलावर खुर्ची दिली. शनिवारच्या बाजारात ती काठी टेकत यायची. हार्मेन तिला लांबून बघून मासेवाल्याच्या मागून सटकायचा. एकदाच चीजच्या रांगेत गाठ पडली. हा घाईघाईनं म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे." तिनं त्याच्या पायांकडे बघितलं, हसली. "तुमचेही गुडघे माझ्यासारखेच दिसतात हो! दोघं मिळूनच होऊ पुढे." तो चीज न घेताच घरी आला आणि दुकान बंद होतं म्हणून हिलीला थाप मारली. बाजाराच्या दिवशी, भर अकरा वाजता.

अकरा वर्षांपूर्वी आनेके हृदयविकारानं गेली. पेपरात वाचून हार्मेन अंत्यविधीला गेला आणि शेवटच्या रांगेत बसला. नंतरच्या कॉफी-केकला थांबला नाही. तो हक्क आपला नाही असं त्याला वाटलं. फ्रान्सला मात्र तो अठ्ठ्याण्णवनंतर कधीच गेला नाही. बाउफाक आला की म्हणायचा, इथेच जाऊ, तासाभराच्या वाटेवर, तिथेही झाडंच आहेत. हिली त्याला चिकट म्हणाली, म्हातारा म्हणाली, मग म्हणायची थांबली.

हे सगळं असंच त्याच्याबरोबर मातीत गेलं असतं. पण नगरपालिकेनं एक ठराव केला, आणि ठराव शहाणपणाचा होता हे मला कबूल केलं पाहिजे, एरवी त्यांचं कौतुक करायची मला सवय नाही. रस्ता कशासाठीही खणायचा असो, ड्रेनेजची लाइन असो की गरम पाण्याची, बुजवताना तो सायकलवाल्यांचा करूनच बुजवायचा. उगाच दोनदा खणायचं नाही. अशानं दहा वर्षांत, एकेक तुकडा जोडत, नव्या वसाहतीपासून स्टेशनपर्यंत सलग सायकलमार्ग तयार होणार होता. ह्या वर्षी मोलेनडाइकच्या ड्रेनेजची पाळी आली. जुनी अरुंद सायकलवाट उखडायची, अख्खा रस्ताच तांबड्या डांबराचा करून सायकलींना द्यायचा, मोटारींनी मागून निमूट यायचं. पाटीच तशी लागते: 'गाडी इथे पाहुणी.'

धाकट्या ओस्टिंगनं हार्मेनला बोलावलं. "काका, निवृत्तीआधीचं शेवटचं काम. तुम्ही बसवलेली वाट तुम्हीच उचला." नकाशा टेबलावर पसरलेला होता. खालच्या कोपऱ्यात आखणाऱ्याचं नाव असतं. तिथे लिहिलं होतं: यिस्का फेल्डहाउस. हार्मेननं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आडनाव तेच राहिलं, टपालवालीचं.

जूनमध्ये मोलेनडाइकच्या शाळेत रहिवाशांची सभा झाली. संध्याकाळी साडेसात, बाहेर लख्ख ऊन, आत कॉफी आणि कॉफीबरोबर एक बिस्कीट. दुसऱ्याला हात घालावा तर डब्याचं झाकण लागलेलं. ओस्टिंगतर्फे हार्मेन दुसऱ्या रांगेत बसला होता. यिस्का चौतिशीची, उंच, आखूड केसांची, बोलायला सरळसोट. तिनं नकाशे दाखवले, कुठली झाडं राहणार ते सांगितलं. लोकांना झाडांशी देणंघेणं नव्हतं, मोटारी कुठे लावायच्या ते सांगा.

निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर कूस तेर होर्स्ट उभे राहिले. "अहो बाई, आहे की सायकलवाट! चांगली धडधाकट आहे. माझ्या दारातल्या दोन गाड्यांच्या जागा खाऊन तुम्हाला काय मिळणार? सगळ्या जन्मात तिथे कोणी पडलेलं मला तरी आठवत नाही!"

"माझी आई पडली होती," यिस्का म्हणाली.

कूस मास्तर अर्धवट बसले, अर्धवट उभे राहिले.

"पुलाच्या वळणावर. पण मास्तर, तुमचं बरोबर आहे, त्यात वाटेचा दोष नव्हता. मी तिला हाक मारली होती. आठ वर्षांची होते मी. एका वेळी दोघी मावणार नाहीत एवढी ती वाट अरुंद आहे, पोरांनी हाका मारल्या तर आयांना वळायला जागा नाही. म्हणून मला ती रुंद करायची आहे. पोरं तर हाका मारणारच. बास, एवढंच."

ती हे इतक्या सवयीनं बोलली, की नाव-पत्ता सांगावा तसं वाटलं. हार्मेनच्या हातातली कॉफी गार झाली होती. आता उठायचं, तो स्वतःला म्हणाला. आत्ता, ऊठ. त्यानं खाली बघितलं. शाळेच्या फरशा होत्या, चौथ्या ओळीतली एक पोकळ वाटत होती. सभा पुढे सरकली.

संपल्यावर ती आपणहून त्याच्याकडे आली, हात पुढे केला. "मिस्टर वोल्बर्स? तुम्ही करताय ऐकून बरं वाटलं. ऑफिसात सगळे म्हणतात, तुमच्या हातून कड चुकत नाही."

"म्हणतात खरं," हार्मेन म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि बाहेर जाऊन कुलूप न काढताच सायकल ओढायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला त्यानं पावावर चॉकलेटची भुकटी पसरली आणि न खाता बशी सरकवून ठेवली. हिलीनं पेपर खाली केला. "काय झालं? भुकटी मोजायची राहिली का?"

आणि हार्मेननं सांगितलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, बुधवारच्या मोजणीपासून कालच्या सभेपर्यंत, सगळं. सांगताना तो टेबलाच्या सांध्याकडे बघत होता. हिलीनं मधे एकदाही टोकलं नाही, आणि हिलीनं न टोकणं म्हणजे काय ते तिला ओळखणारे जाणतात.

"म्हणून आपण सव्वीस वर्षं त्याच त्या झाडांत जाऊन सडलो होय?" ती शेवटी म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. "आणि मला वाटायचं, तुला माझ्याबरोबर लांब कुठे जायचा कंटाळा आलाय."

"तसं नव्हतं गं."

"आता सांगतोयस! त्या पोरीला कधी सांगणार?"

"सांगून काय होणार? तिची आई गेली. कोणाचं काय परत येणार आहे?"

"हार्मेन," हिली म्हणाली, "काल ती भर सभेत म्हणाली ना, की माझा दोष? तिचा नाहीये तो, तुझा आहे. तुझी वस्तू सव्वीस वर्षं ती पोरगी उचलून फिरतेय आणि तू मागून बघतोयस. जा आणि घे तिच्याकडून. तू नाही गेलास तर मी जाते, आणि मी कशी बोलते ते तुला माहितीये."

त्याला माहीत होतं. तरी त्यानं तीन आठवडे काढले. पुलापासून सगळ्यात लांबच्या टोकाला त्यानं काम सुरू केलं, जुन्या विटा उचलल्या, ड्रेनेजवाल्यांना चर मोकळा करून दिला, उगाचच एक दोरी दोनदा ताणली. शेवटी वळणच तेवढं उरलं. ते उचललं की दगड भंगाराच्या ढिगात जाणार, तिथून चुऱ्यात, आणि मग त्यानं सांगितलं काय नि न सांगितलं काय, दाखवायला काही उरणार नव्हतं. गुरुवारी सकाळी त्यानं माणसांना कॉफीला पाठवलं आणि यिस्काला फोन केला. "वळणावर जरा या. एक दाखवायचंय."

ती वीस मिनिटांत आली. सायकल झाडाला टेकवून म्हणाली, "काय सापडलं? परत केबल का?"

हार्मेननं पहार घातली आणि तिसरा दगड उपटून तिच्यासमोर आडवा ठेवला. शेजारच्या तुकड्यातला एक तिरका दगडही उपटून बाजूला ठेवला. "बघा."

ती उकिडवी बसली. ह्या कामातलीच ती, तिला शिकवायला लागलं नाही. कारखान्यातून तिरका आलेला दगड खालपर्यंत तिरका असतो. दुसऱ्याचं जमिनीत गाडलेलं अंग सरळ उभं होतं, आणि वरच्या तिरक्या भागात, शेवाळ खरवडल्यावर, आतली खडी कापलेली दिसत होती.

"हा फुटपाथचा दगड आहे," ती म्हणाली. "वरून घासलाय."

"मी बसवला. सहाही मीच बसवले. मोजण्यात चुकलो होतो आणि बाउफाकचा शुक्रवार होता." हार्मेनचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "तुझी आई पडली तेव्हा इथे कड उभी होती. तिचं पायडल ह्याच दगडाला लागलं. ओरखडा मी डोळ्यांनी बघितला. तू हाक मारलीस म्हणून काही झालं नाही, पोरी. कड तिरकी असती तर चाक वर चढलं असतं, दोघी हसला असतात आणि घरी गेला असतात. दोष माझा होता. तेव्हापासून मला माहीत होतं, की तू तो स्वतःवर घेतलायस, आणि मी गप्प बसलो."

यिस्काचा हात त्या दगडावरच होता. ती ओरडेल, निदान शिवी देईल, ह्याची त्यानं तयारी केली होती.

"घासला कधी?" तिनं विचारलं.

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "त्याच साली. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. परत कोणी पडू नये म्हणून..."

"सप्टेंबर," ती म्हणाली. "आम्ही ऑक्टोबरात आलो होतो."

"कोण आम्ही?"

"मी, आई आणि पप्पा." ती दगडाशीच बोलत होती. "आई दवाखान्यात पहिल्या दिवसापासून सांगत होती, पोरी, तू काही केलं नाहीस, तिथली कड उभी होती. मी हाक मारली म्हणून मी रडायचे आणि ती म्हणायची, अगं कड उभी होती. पप्पा म्हणाले, चला, बघूनच येऊ. ती कुबड्या घेऊन आली, पहिल्यांदाच घराबाहेर. इथपर्यंत चालत आली आणि कड तिरकी होती."

हार्मेनच्या हातातून पहार सुटली नाही, पण ती त्यानं धरलीय हे त्याला कळत नव्हतं.

"ती किती वेळ बघत होती. वाकून हात लावून बघितला तिनं. मग म्हणाली, मला तसं वाटलं असेल. पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला कळलं, की आई मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगत होती." यिस्कानं मान वर केली. "नवी घासलेली कड ओळखू येते, मिस्टर वोल्बर्स. आम्हाला का आली नाही?"

"माती चोळली होती," तो म्हणाला. खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "ओली माती, कालव्यातली."

परत कोणी पडू नये म्हणून कड घासली, हे खरं होतं. मग माती कोणासाठी चोळली? हा प्रश्न सव्वीस वर्षांत त्यानं स्वतःला विचारला नव्हता. ज्या एका गोष्टीवर तो रात्री झोपत आला होता, तिनंच एका बाईला तिच्या पोरीसमोर खोटं पाडलं होतं, आणि बाईला स्वतःच्या डोळ्यांचाही भरवसा उरू दिला नव्हता.

"पंधरा वर्षं जगली त्यानंतर," यिस्का म्हणाली. "परत कधी ह्यावर बोलली नाही. मी अठराची असताना एकदा भांडणात तिला म्हणाले, तू तर कडेबद्दलही खोटं बोलली होतीस, तुझं काय खरं मानू? ती म्हणाली, हो गं, चुकलंच माझं."

"मला माफ..." हार्मेननं सुरुवात केली.

"नको," ती म्हणाली. रागानं नाही, कामात असलेलं माणूस म्हणतं तसं. तिनं खिशातून फोन काढला आणि त्याच्याकडे पाठ न करता, तिथेच वाळूत बसून नंबर लावला.

"पप्पा? मी बोलतेय. नाही, सगळं ठीक आहे. पप्पा, मोलेनडाइकवर आहे मी, वळणावर. ती कड उभी होती. हो, उभीच होती. दगड माझ्यासमोर आहे. आई खरं सांगत होती, पप्पा. ऐकताय ना? आई खरं सांगत होती."

तिनं फोन कानाशी तसाच धरला, दुसरा हात दगडावरच होता. हार्मेनची माणसं कॉफी पिऊन परत येत होती, त्यांना त्यानं हातानं लांबच थांबवलं. सांगून टाकलं की हलकं वाटेल असं त्याला तीन आठवडे वाटत होतं. तसं काही वाटलं नाही. तिनं जा म्हणेपर्यंत आपण जायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं, म्हणून तो उभा राहिला. तिनं जा म्हटलं नाही.